दाशी नको! शाकाहारी आईबरोबर बारा दिवस जपानात

"तिकडे खायचं काय?" जुलैमध्ये मी आईला जपानला जाऊ या म्हटलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न हा होता. दुसरा, जरा आवाज खाली आणून, "आणि संडासात पाणी असतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपानने पहिल्याच दिवशी असं दिलं की आई अजून त्यावर बोलते. पहिल्याचं उत्तर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत रोज नव्याने शोधावं लागलं. शाकाहारी आई-वडिलांना घेऊन जायच्या विचारात असलेल्या कोणाला उपयोग होईल म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आई 71 वर्षांची. दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण ऑपरेशन नको म्हणते. अंडं, मासे, मटण काही नाही. कांदा-लसूण चालतो, चातुर्मासात वांगं बंद. एकादशी आणि संकष्टी धरते. दिवाळी आटपून 28 ऑक्टोबरला निघायचं ठरवलं, तेव्हा मी कॅलेंडरवर विमानाचे दर बघत होते आणि आई तिथी. 2 नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी, 8 ला संकष्टी. "दोन्ही उपास तिकडेच," असं तिने जाहीर केलं.

आधी व्हिसा. भारतात राहणाऱ्या पर्यटकांना जपानचा ई-व्हिसा मिळतो, पण ई म्हणजे घरबसल्या नव्हे. कागद घेऊन अर्ज केंद्रावर जावंच लागतं. फॉर्म, फोटो, विमानाचं आणि हॉटेलांचं बुकिंग, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, माझ्या ऑफिसचं रजेचं पत्र आणि कोणत्या दिवशी कुठे असणार त्याचा तक्ता. तो तक्ता मी आधी "टोकियो दर्शन" असा मोघम लिहिला होता. मग तारीख, शहर, हॉटेलचा पत्ता, फोन असा नीट केला.

खरी अडचण नावांची निघाली. आईचा खर्च मी करणार, म्हणजे ती माझी आई आहे हे कागदावर दिसायला हवं. माझ्या पासपोर्टवर सासरचं आडनाव. जन्मदाखल्यावर आईचं नाव लग्नानंतरचं, पण स्पेलिंग वेगळं. पेन्शनच्या पासबुकावर तिसरंच. माझा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि "या तिन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडलं. त्यात दोन शनिवार आणि साधारण बाराशे रुपये गेले. तुमच्या घरीही अशी स्पेलिंगची भानगड असेल (कोणाच्या घरी नसते?) तर विमान बुक करायच्या आधी ती निस्तरा.

9 सप्टेंबरला अर्ज दिला. व्हिसाची फी आणि केंद्राचं सेवाशुल्क मिळून माणशी दीड हजाराच्या आत भागलं. 16 तारखेला आईच्या पेन्शनचा आणखी एक कागद मागणारी मेल आली आणि मी दोन रात्री झोपले नाही. 22 ला दोन्ही व्हिसा आले. मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, म्हणून फार लवकरही अर्ज करू नका.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. हा व्हिसा विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून, संबंधित पानावर जाऊन दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. मी आईचा व्हिसा छान रंगीत छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातला होता. दिल्लीच्या काउंटरवर त्या पाकिटाकडे कोणी बघितलंही नाही, आणि माझ्या फोनला नेमकी तेव्हाच रेंज नव्हती. दहा मिनिटं घाम फुटला. लॉगिनचे तपशील लिहून जवळ ठेवा.

औषधांचंही बघून ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःपुरती महिनाभराची नेता येतात, पण सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन जास्त असतं त्या जपानमध्ये बंदी असलेल्या औषधांत मोडतात. आपल्या घरातल्या "सर्दीची पिवळी गोळी" छापाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बॅगेत टाकू नका. ताजी फळं-भाज्याही नेता येत नाहीत. आईने कढीपत्त्याची डहाळी लपवून ठेवली होती, ती मी निघायच्या आधी काढली. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या आणि भाजलेले दाणे मात्र गेले. उतरल्यावरच्या सोपस्कारांसाठी व्हिजिट जपान वेब या सरकारी साइटवर आधी माहिती भरली की क्यूआर कोड मिळतो. इमिग्रेशनला दोन्ही तर्जन्यांचे ठसे घेतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. तिथल्या बाईंनी आईची बोटं स्वतः पुसली, पुन्हा ठेवली, आणि झाल्यावर जरा वाकल्या. आईनेही नमस्कार केला. आईने विमानाची व्हीलचेअर आधीच मागून घेतली असल्यामुळे रांगेचा त्रास झाला नाही. "मी काय म्हातारी आहे का" हा वाद मुंबईतच संपवून टाकायचा.

तर ते संडासाचं. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर आई बाथरूममध्ये गेली आणि पाच मिनिटं आवाजच नाही. मग हाक आली, "अगं, हे बसायचं गरम आहे! बिघडलंय का?" बिघडलं नव्हतं. बाजूला बटणांची पट्टी होती. मागून पाणी, पुढून पाणी, धार कमी-जास्त, थांबवा. टोटो कंपनीने 1980 साली वॉशलेट नावाने हे प्रकरण बाजारात आणलं आणि आता स्टेशनात, दुकानात, देवळाच्या आवारात, सगळीकडे आहे. बायकांच्या संडासात तर नुसता पाण्याचा आवाज काढणारं बटणही असतं, आतले आवाज बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून. आईला हे भारी आवडलं. "थांबवा"चं चौकोनी चिन्ह तेवढं आधी शिकवून ठेवा, कारण ते माहीत नसेल तर पाणी थांबत नाही आणि माणूस उठूही शकत नाही. कसं कळलं ते विचारू नका.

आता खाण्याचं. जपानमध्ये शाकाहाऱ्याची गाडी मांसापाशी अडत नाही. मांस दिसतं, टाळता येतं. अडते ती दाशीपाशी. दाशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचा अर्क. आपल्याकडे फोडणी जशी सगळ्यात असते आणि कोणी मोजत नाही, तशी ही दाशी. सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाजीत, टोफूवरच्या सॉसमध्ये. "मासे नाहीत ना?" विचारलं तर स्वयंपाकी अगदी प्रामाणिकपणे "नाहीत" म्हणतो, कारण त्याच्या लेखी तो मासा नसून चव असते.

मी जपानी लिपीत एक कार्ड छापून नेलं होतं: मांस, मासे, अंडं, आणि माशाची दाशी खात नाही, शेवाळाची किंवा मशरूमची दाशी चालेल. पहिल्याच संध्याकाळी टोकियोतल्या उएनो भागात एका छोट्या उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, दुकानात ते दाखवलं. मालक आत गेला, बाटल्यांची लेबलं वाचून बाहेर आला आणि कमरेत वाकून म्हणाला की आमच्याकडे तुमच्यासाठी काहीच नाही. मला वाईट वाटलं. आईला उलट बरं वाटलं. "खोटं बोलून खायला नाही घातलं," म्हणाली. त्या रात्री खोलीवर दशमी-चटणी.

दुसऱ्या दिवसापासून आमची पद्धत बसली. सकाळी कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं. तिथे भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, ओनिगिरी. उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचा गोळा आईला फारच आवडला, लोणचं-भातच तो. मात्र त्यातही कधीकधी बोनिटोचा अर्क असतो, म्हणून फोनचा कॅमेरा लेबलावर धरून भाषांतर वाचायचं. साध्या मिठाचा भात सगळ्यात सुरक्षित. शिवाय दोन मिनिटांत मायक्रोवेव्हमध्ये होणारा तयार भात मिळतो, 200 ग्रॅमचा डबा. आपला नवा आंबेमोहोर जास्त शिजवला तर होईल तसा चिकट. त्यावर मेतकूट घालून आई खिडकीशी बसून जेवली, खाली टोकियो. आमच्या हॉटेलात मायक्रोवेव्ह खोलीत नव्हता, लॉबीत होता, तिथे रोज मेतकुटाचा वास दरवळायचा. कोणी काही बोललं नाही.

दुपारी आधी शोधून ठेवलेली जागा. टोकियो स्टेशनच्या आत टीज टानटान नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, हजार येनच्या आसपास एक मोठा वाडगा. ते तिकिटाच्या दारांच्या आतल्या बाजूला असल्याने रेल्वेचं तिकीट किंवा कार्ड लागतं. तिळाच्या दाट रश्श्यातल्या त्या नूडल्स आईने काट्याने संपवल्या आणि वाडगा तोंडाला लावून रस्सा प्यायली. इकडेतिकडे बघितलं, सगळेच तसं करत होते.

टोकियोतलं बघणं मी थोडक्यात उरकते, कारण उंच इमारती आणि शिबुयाचा चौक सगळ्यांनी पाहिलेला असतो. आसाकुसाचं सेन्सोजी हे कान्नोनचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं देऊळ. दारात तो प्रचंड लाल कंदील, दोन्ही बाजूंना वायू आणि मेघगर्जनेचे देव. गर्दी तुळजापूरची. खरी गंमत तिथून पंधरा मिनिटं चालल्यावर नदीकाठच्या छोट्या टेकडीवर, मात्सुचियामा शोदेन नावाच्या देवळात. इथला देव म्हणजे कांगितेन. हत्तीचं तोंड असलेला. आपलाच गणपती, बौद्ध तांत्रिक पंथाबरोबर चीनमार्गे गेलेला. मूर्ती झाकलेली असते, दर्शन मिळत नाही. आणि त्याला वाहतात काय? मुळा! पांढरा, जाडजूड, हातभर लांबीचा. देवळात जागोजागी मुळे आणि पैशाची थैली कोरलेली. मुळा तिथेच विकत मिळतो.

आई बराच वेळ त्या मुळ्यांच्या राशीकडे बघत उभी होती. "मोदकाचं काय झालं वाटेत?" म्हणाली. मी सांगितलं की मुळ्याने पोट साफ होतं, तसे मनातले राग-लोभ जावेत म्हणून तो वाहतात. ते तिला पटलं. मुळा घेतला, वाहिला, आणि हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं. टेकडी चढायला बाजूने एक छोटी फुकटची गाडी आहे, लिफ्टसारखी तिरकी वर जाते. गुडघेवाल्यांनी ती शोधावी.

गुडघ्यांवरून आठवलं. स्टेशनांत लिफ्ट असते, पण बरेचदा एकाच बाहेरच्या दाराला. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर जिने आलेच. फोनवर रस्ता बघताना कितव्या नंबरच्या दाराशी लिफ्ट आहे ते बघा. थंडीसाठी काइरो मिळतात, हवा लागली की तापणाऱ्या पुड्या. दहाचं पाकीट दोन-तीनशे येनला. चिकटणारा प्रकार घेऊन आई तो सलवारीवर गुडघ्यापाशी लावायची. कपड्यावरच लावायचा, कातडीवर नाही, भाजतं. मला विचाराल तर जपानमधली सगळ्यात कामाची खरेदी हीच. शंभर येनच्या दुकानातून (कर धरून 110) घेतलेलं काकडीचे काप करायचं यंत्र आणि भांडी न घसरू देणारी जाळी याही आता आमच्या ओट्यावर आहेत. काप्पाबाशीच्या बाजारातून मी एक सुरी घेतली, 7,000 येन, चेक-इन बॅगेतच टाकायची. पाच हजार येनच्या वर खरेदी असेल तर करमाफीच्या दुकानात पासपोर्ट दाखवून दहा टक्के कर वाचतो, मूळ पासपोर्टच लागतो. नोव्हेंबर 2026 पासून ही पद्धत बदलते आहे. आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा.

नाण्यांसाठी वेगळी थैली घ्या. पाचशे येनपर्यंत नाणीच असतात आणि आपण नाण्याला पैसे समजत नाही, त्यामुळे चौथ्या दिवशी माझ्या पर्समध्ये सव्वातीन हजार येनची चिल्लर निघाली. तेव्हा एक येन साधारण 58 पैशांना होता. भोक असलेलं पाच येनचं नाणं देवापुढे टाकायला राखून ठेवतात, कारण पाच येन, "गो-एन", हा उच्चार ऋणानुबंध या अर्थाच्या शब्दासारखा आहे. हे कळल्यापासून आई सुट्ट्यांतून पाचची नाणी वेचून घ्यायची. कचऱ्यासाठीही एक पिशवी हवी. 1995 च्या टोकियो मेट्रोतल्या सरिन हल्ल्यानंतर रस्त्यावरचे डबे काढले गेले ते फारसे परत आलेच नाहीत. केळ्याची साल आम्ही चार तास घेऊन हिंडलो.

2 नोव्हेंबर, एकादशी, आणि त्याच दिवशी क्योटोची बुलेट ट्रेन. सोमवारी 3 ला तिथली सुट्टी असल्यामुळे लाँग वीकेंड, म्हणून जागा आधी राखल्या होत्या. एकेरी सुमारे 14,000 येन. रेल्वेचा सात दिवसांचा जेआर पास 2023 च्या ऑक्टोबरपासून 50,000 येनचा झाला आहे, आमच्यासारख्या प्रवासाला तो परवडत नाही, सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच हॉटेलातून कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवल्या, दोन्ही मिळून पाच हजारांच्या आसपास. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली ती सेवा तुमच्या आई-वडिलांच्या कमरेसाठी आहे असं समजा.

उपासाला काय, हा प्रश्न एका सुपरमार्केटच्या दारातच सुटला होता. तिथे गरम दगडांवर रताळी ठेवलेली असतात. याकी-इमो. भाजून भाजून आतून मधासारखी झालेली, सालीतून पाक गळणारी. अडीच-तीनशे येनला एक, पण एकात दोघींचं पोट भरतं. कागदात गुंडाळलेली गरम रताळी मांडीवर घेऊन आई खिडकीत बसली. क्योटोला जाताना उजवीकडची ई नंबरची सीट घेतली की फुजी दिसतो म्हणतात. आम्हाला त्याचा पायथा दिसला, वर सगळा ढग. "विठोबाचेही पायच बघायचे असतात," म्हणून आईने पुन्हा रताळं सोलायला घेतलं.

क्योटोत लाल पानं अजून यायची होती, गर्दी मात्र आली होती. सोनेरी मंडपाच्या किंकाकुजीत आम्ही अर्ध्या तासात आत जाऊन बाहेर आलो. 1950 साली जाळला गेला, 1955 ला पुन्हा उभारला, दिसायला फोटोसारखा. फुशिमी इनारीच्या केशरी कमानींत सकाळी सहाला गेलो, तिकीट नसतं आणि देऊळ रात्रंदिवस उघडं असतं. आईला पहिल्या टप्प्यापर्यंतच नेलं. क्योटोतल्या बसपेक्षा टॅक्सी घेतली आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, आपण हात लावायचा नाही. आई दर वेळी लावायची.

थांबलो ते सान्जुसान्गेन्दोला. 1266 साली बांधलेलं हे लाकडी देऊळ, शाळेच्या इमारतीसारखं लांब, सुमारे 120 मीटर. आत कान्नोनच्या एक हजार उभ्या मूर्ती आणि मधोमध एक मोठी बसलेली. पण आई त्या हजारांपुढे थांबलीच नाही. त्यांच्या पुढच्या रांगेत 28 रक्षकदेव आहेत, पाट्यांवर मूळ संस्कृत नावांसकट. मी वाचत गेले. गरुड. असुर. किन्नर. नारायण. गरुडाला चोच आहे आणि तो बासरी वाजवतो आहे. आत फोटो काढता येत नाही, त्यामुळे आईने प्रत्येकापुढे थांबून नाव दोनदा म्हणवून घेतलं, घरी सांगायला. बूट काढून लाकडी जमिनीवर चालायचं असतं, नोव्हेंबरात पाय गार पडतात. जाड मोजे घाला.

आणि मोदक सापडला! गिओन भागात कामेया कियोनागा हे 1617 पासूनचं मिठाईचं दुकान आहे. तिथे सेइजो कांकीदान नावाचा पदार्थ मिळतो. हा कांगितेनाचा नैवेद्य, हजारेक वर्षांपूर्वी चीनमधून आलेल्या प्रकारावरून बनवलेला. कणकेच्या पारीत लाल चवळीसारख्या आझुकी डाळीचं पुरण, त्यात लवंग-दालचिनीसारखे सात सुगंधी मसाले, वर पाकळ्यांची चुणी घालून मुरड, आणि तिळाच्या तेलात तळलेला. एकाची किंमत सहाशे येनच्या आसपास. आईने तो हातात घेतला, फिरवून बघितला, चुण्या मोजल्या. आठ. "तळणीचा आहे," एवढंच म्हणाली. मग कडेचा तुकडा मोडून खाल्ला. "उदबत्ती खाल्ल्यासारखं लागतंय गं." आणखी चार घेतले.

6 नोव्हेंबरला कोयासान. ही जागा मी आईसाठी म्हणून निवडली आणि गुंतून मीच पडले. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून नांकाई रेल्वे, मग पाच मिनिटांची तिरकी केबल कार, मग बस, सगळं मिळून दोन-अडीच तास. कुकाई नावाच्या साधूने 816 साली इथे शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ वसवला. 1872 पर्यंत बायकांना वर प्रवेशच नव्हता; वेशीवर त्यांच्यासाठी बांधलेली खोली अजून आहे. आई तिथे बसून म्हणाली, "मग इथेच रताळी खात बसायच्या असतील बिचाऱ्या."

मठांत राहता येतं. दोन वेळच्या जेवणासकट माणशी 16,000 येन पडले. महाग आहे, पण अख्ख्या प्रवासात इथेच आईने काहीही न विचारता ताटाला हात लावला. मठाचा स्वयंपाक म्हणजे शोजिन र्‍योरी. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी शेवाळाची आणि मशरूमची. गोठवून वाळवलेला टोफू, तिळाची खरवसासारखी वडी, पाच-सात वाट्या. संध्याकाळी साडेपाचला जेवण, उशीर चालत नाही. बुकिंग करताना माशाची दाशी वापरता का हे तरी विचारून घ्या, मी विचारलं होतं. खोलीत गाद्या जमिनीवर असतात. आईला उठताना त्रास झाला. काही मठांत पलंग असतात, आधी मागितले असते तर बरं झालं असतं, ही चूक माझी.

पहाटे सहाला प्रार्थना, मग अग्नी. त्याला गोमा म्हणतात; शब्द होमावरूनच आला. समिधा पडत होत्या, ढोल वाजत होता, सगळे एका लयीत काही म्हणत होते. शेवटच्या ओळीला आईने माझा हात धरला. "ऐक. सोवाका म्हणतायत. स्वाहा आहे ते." मी आधी वाचलेलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. तिला आपोआप कळलं.

नंतर ओकुनोइनचा दोन किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि दोन लाखांवर समाध्या. दगडी समाध्यांना पाच थर: चौकोन पृथ्वीचा, गोल पाण्याचा, मग अग्नी, वायू, आकाश. त्यावर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं, देवनागरीची चुलत बहीण शोभावी अशी. रस्त्याच्या शेवटी कुकाईची समाधी. तो 835 साली गेला असं इथे कोणी म्हणत नाही. तो ध्यानात बसला आहे असं मानतात आणि रोज दोनदा त्याला लाकडी पेटीतून जेवण नेतात. ती पेटी जाताना आम्ही पाहिली. "म्हणजे आळंदीच," आई म्हणाली. दहा दिवसांवर संजीवन समाधीचा सोहळा आला होता, तिच्या डोक्यात तोच असणार. इथे एक मोठ्ठा बाकडा आहे, त्यावर ती बराच वेळ बसली. मी घाई केली नाही. परतताना कोयासान विद्यापीठातला बाबासाहेबांचा पुतळा पाहिला, 2015 साली महाराष्ट्राकडून गेलेला, देवेंद्र फडणवीस यांनी अनावरण केलेला. डोंबिवलीहून निघून इथे ओळखीचा चेहरा भेटेल असं आईला वाटलं नव्हतं.

ओसाकात दोन रात्री, त्यातली एक संकष्टीची. खर्चाचा हिशेब मी त्या दुपारी मांडला: विमान 1,16,000, हॉटेलं आणि मठ मिळून 1,10,000, रेल्वे 31,000, खाणं 40,000, बाकी टॅक्सी, तिकिटं, विमा, व्हिसा, खरेदी. दोघींचे साडेतीन लाखांच्या आतबाहेर.

आई तेव्हा वेगळ्याच हिशेबात होती. उपास सोडायला इथला चंद्र बघायचा की घरचा? डोंबिवलीत चंद्रोदय आठनंतर, म्हणजे इथे मध्यरात्र जवळ. काकूंना फोन लावला. काकूंनी शेजारच्या गुरुजींना विचारलं. "जिथे आहात तिथला," असा निरोप आला. सातच्या सुमारास आम्ही हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये गेलो, दोन इमारतींच्या फटीत वाट बघत. चंद्र वर आला तेव्हा आईने फोनवरच्या गणपतीपुढे कांकीदान ठेवला, शेजारी पाच येनचं नाणं. लॉबीतल्या मायक्रोवेव्हमध्ये भात ठेवला होता, तो झाल्याची शिट्टी वाजली आणि मी आणायला धावले.